हेडला चिकटलेल्या जुन्या गॅस्केटास

जुन्या गॅस्केटा,

इंजिनच्या हेड आणि ब्लॉकच्या मधे तू वर्षानुवर्षं दबून राहिलंस. डिझेल पेटलं की हवेच्या दाबाच्या ६० पटींहून जास्त दाब एका बाजूला, शेजारीच पाणी आणि ऑइल. तिघांना तू एकमेकांत मिसळू दिलं नाहीस. त्या तापात भाजून कडक झालंस, म्हणून आज हेड उतरवलं तरी त्याचा फेस, म्हणजे सपाट पृष्ठभाग, सोडत नाहीस.

दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम भरात आला की ट्रॅक्टर, पिकअप उभे ठेवणं कुणालाच परवडत नाही. मालक गॅरेजच्या दारात घाई करतो आणि ती सगळी घाई तुझ्यावर निघते. ग्राइंडरला चकती लावून कारागीर तुला घटकेत उडवतो.

त्या चकतीची बारीक खर ऑइलच्या वाटेत उतरते आणि बेअरिंग खाते. ॲल्युमिनियमचं हेड मऊ. चकती जरा जास्त टेकली की खळगा पडतो. पुष्कळ हेडना सपाटीत ०.०५ ते ०.१० मिलिमीटरचाच फरक चालतो, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढा. पुढे ऑइलमध्ये पाणी उतरलं की दोष नव्या पॅकिंगवर, म्हणजे नव्या गॅस्केटवर, जातो.

इंजिनपेक्षा मला काळजी माणसाची आहे. तुझ्या पिढीतल्या कित्येक गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असे, आणि ते नुसतं पाहून ओळखता येत नाही. चकतीने उडालेल्या धुळीतून त्याचे तंतू फुफ्फुसात गेले, तर कर्करोग २०-४० वर्षांनीही उद्भवू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कारखान्यांना प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षं जपायला सांगितलं. गॅरेजात काम शिकणाऱ्या पोराची अशी नोंद कोण ठेवतं?

म्हणून तुला काढायचं ते ओलं करूनच. आधी ऑइल-पाण्याच्या वाटा आणि बोल्टची भोकं फडक्याने बुजवावीत. रिमूव्हर लावून तू मऊ होईपर्यंत थांबावं. बिडाच्या फेसवर पोलादी पातं आडवं धरून चालवावं, ॲल्युमिनियमवर प्लास्टिकचं. कंप्रेसरची हवा मारू नये; ओल्या फडक्याने पुसावं आणि निघालेला चोथा ओलाच पिशवीत बांधावा. बोल्टच्या भोकांत तेल-पाणी राहिलं तर टिपून घ्यावं, कारण बोल्ट आवळताना ते दबत नाही आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. मग सरळपट्टी आणि फिलर गेजने फेस तपासावा.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि तो वेळ कारागिराच्या एकट्याच्या खिशातून जाऊ नये. नव्या पॅकिंगचे पैसे आपण बिनतक्रार देतो. तसेच तुझ्या सफाईचेही द्यावेत, बिलावर वेगळी ओळ घालून. गाडी संध्याकाळऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली तरी चालेल, असं मालकाने स्वतःहून सांगावं. तेवढं ऐकलं की कारागिराचा हात आपोआप ग्राइंडरऐवजी पाण्याकडे जाईल.

तुझा,
दोंडाईच्याचा एक ट्रॅक्टरमालक