शबानाची वीस मिनिटं

तर झालं असं, की २०१७ च्या पाडव्याला आमच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं. घरी जाता आलं नाही, म्हणून त्या वीकेंडला पुण्याहून एसटी धरून कराड गाठलं. शुक्रवारी, ३१ मार्चला, 'नाम शबाना'चंही रिलीज झालं होतं. शनिवारी चुलतभावाला घेऊन पिक्चर टाकला.

नीरज पांडेचा 'बेबी' (२०१५) आठवतोय ना? त्यात तापसी पन्नूची शबाना जेमतेम वीस मिनिटं. काठमांडूला येते, हॉटेलच्या खोलीत एकाला एकटी लोळवते. अक्षय कुमार पोचेपर्यंत काम फत्ते! ही कोण, कुठली, कुणी सांगत नाही. म्हणूनच लक्षात राहते.

मग त्या वीस मिनिटांसाठी अडीच तासांचा प्रीक्वेल कशाला? आईला मारणारा बाप, सुधारगृह, मित्राचा खून, सूड, मग नोकरी. तापसीनं जीव तोडून काम केलंय, पण प्रत्येक ठोशामागे एक कारण चिकटवलंय. आमच्या भाषेत, चालू कोडमध्ये ओळीओळीला कॉमेंट. ती मरणार नाही हे 'बेबी'मुळे ठाऊकच. आणि पिक्चरला नाव शबानाचं असलं तरी मदतीला अक्षय कुमार येतोच.

खोटं कशाला बोलू, कुतूहल मलाही होतं. तिकीट त्यासाठीच काढलं. तसंच कुतूहल मला आमच्या आजीबद्दल होतं.

१९४३ मध्ये साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार सुरू झालं, तेव्हा आजी चौदा वर्षांची. भूमिगतांच्या चिठ्ठ्या पोचवायची. टोपलीत खाली चिठ्ठी, वर भाकरी. एकदा वाटेत पोलिसानं भाकरी मागितली. हिनं वरची काढून दिली, वर कांदाही दिला आणि पुढं गेली. बास, एवढीच गोष्ट.

"पण का करायचीस गं? भीती नाही वाटली?" मी दरवेळी विचारायचो.

"द्यायची हुती, दिली. जेव आता."

पुढच्या वर्षी आजी गेली. वर्षश्राद्धाला भावानं छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. मसुदा मला मेल केला. त्यात आजीच्या वडिलांना पोलिसांनी मारलं, म्हणून तिनं शपथ घेतली वगैरे. मी फोन लावला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पण काहीतरी कारण असणारच की! लोक विचारतील."

"विचारू देत."

"अरे, नुसती भाकरी दिली म्हणून छापायचं? चार ओळींत संपेल."

बरीच वादावादी झाली. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. शेवटी चार ओळीच छापल्या. वर्षश्राद्धाला एक आजोबा ते पान दोनदा वाचून मला म्हणाले, "कांदाबी दिला व्हय!" का केलं, ते मात्र कुणीच विचारलं नाही.

कारण मला अजूनही हवंय. पण तिनं दिलं नाही, तर मी कुठून आणू?

असो. 'बेबी' जरूर बघा. 'नाम शबाना' राहिला तरी चालेल.