मारुती कुठवर?

सुट्टीतला पाऊस हा न कळवता आलेल्या पाहुण्यासारखा असतो. त्याला ‘या’ म्हणवत नाही आणि ‘जा’ म्हणता येत नाही. एरवी ज्याच्यासाठी आपण आभाळाकडे डोळे लावून बसतो, तोच रजेच्या दिवशी आला की वैरी वाटू लागतो. मला वाटते, दोष पावसाचा नाही. आपल्या खिशातल्या कागदाचा आहे. हल्ली सुट्टीचेही वेळापत्रक असते. कॉलेजातला तास बुडाला तर चालतो, पण सहलीतले ठिकाण चुकता कामा नये!

गेल्या वर्षी श्रावणात तीन सुट्ट्या जोडून आल्या, म्हणून आम्ही चौघे पुण्याहून नाशिकला अक्काकडे गेलो. अक्काचे घर द्वारकेला, मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता मिळतात त्या चौकाजवळ. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो समोरचा उड्डाणपूल पावसात दिसेनासा झालेला. “कृष्णाची द्वारका समुद्रात बुडाली, ही पावसात बुडणार!” असे धाकटीने जाहीर केले. त्यातच वीज गेली आणि दुपारपर्यंत एकेका मोबाइलने मान टाकली.

मुलांचे चेहरे पाहून मी मास्तरकी सुरू केली. म्हटले, “आज पांडवलेणी हुकली म्हणता, पण तिथले भिक्षू तरी पावसात काय करीत? एका जागी बसत!” वर्षभर फिरणाऱ्या भिक्षूंनी पावसाळ्यात एकाच ठिकाणी मुक्काम करावा, असा नियम होता. त्याला वर्षावास म्हणत. तिथल्या दहाव्या लेण्यात सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने २००० कार्षापण विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळायचे. थोरल्याने तोंडी हिशेब केला. वर्षाचे २४०, बरोबर जमले! “म्हणजे पावसात बसून राहायचे पैसे मिळत?” त्याला तो काळ एकदम आवडू लागला.

मग पत्त्यांची आठवण झाली. धाकटीने ते शोधायला कपाट उघडले, तर दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी. एकेक साल आणि पुढे गुडघा, कंबर, छाती असे शब्द.

“आत्या, हे काय?”

भावोजींना जाऊन दीड वर्ष झाले होते. त्यांचा विषय निघाला की अक्का चहा टाकायला उठे. त्या दिवशी ती उठली नाही.

“हा यांचा पूर,” ती म्हणाली.

नाशिककर गोदावरीचा पूर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचे कळले की भावोजी छत्री घेऊन निघत, पाणी मारुतीच्या कुठवर आले ते लांबून पाहून येत आणि दारावर लिहीत. २००८, २०१६ आणि २०१९ या सालांपुढे एकच शब्द होता : ‘बुडाला’. एकदा त्यांची छत्री वाऱ्याने पळवली, तर घरी येऊन म्हणाले, “मारुतीला दिली.” हे सांगताना अक्का हसली आणि मग पदराने डोळे टिपू लागली. सौ. तिच्याजवळ सरकून बसली. पत्ते तसेच राहिले. बाहेर पाऊस कोसळत होता आणि अक्का बोलत होती.

भावोजींच्या पश्चात आलेल्या पावसाळ्याची ओळ मात्र दारावर नव्हती.

संध्याकाळी शेजारचे काका भिजून आले. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागल्याचे त्यांनी सांगितले. अक्काने ड्रॉवरमधून पेन्सिल काढून धाकटीच्या हाती दिली. तिने जीभ बाहेर काढून, वळणदार अक्षरात साल लिहिले आणि पुढे ‘गुडघा’.

दुसऱ्या दिवशी परतायचे होते, त्यामुळे पांडवलेणी राहिलीच. ती थांबतील. यंदा मात्र पुण्यात सर कोसळली की धाकटी आत्याला फोन लावते आणि विचारते, “मारुती कुठवर?”