अड्डी इल्ल, पण कुणासाठी?

मध्यम प्रतीच्या गोष्टीला काय म्हणायचं, याची आपल्या दोन्ही भाषांनी छान सोय करून ठेवली आहे. मराठीत आपण 'बरं आहे' म्हणतो. कन्नडमध्ये 'परवागिल्ल' म्हणतात, आणि आमच्या बेळगाव-धारवाडकडे त्याहून जास्त ऐकू येतं ते 'अड्डी इल्ल'. गंमत म्हणजे 'परवागिल्ल'मधली 'परवा' आणि आपली मराठी 'पर्वा' हा फारसीतून आलेला एकच शब्द. पण मराठीत 'पर्वा नाही' म्हटलं की भांडण सुरू होतं आणि कन्नडमध्ये 'परवागिल्ल' म्हटलं की भांडण मिटतं.

हे शब्द सहसा एकटे येत नाहीत. जेवताना बायकोला विचारावं, भाजी कशी झालीय? ती म्हणणार, 'अड्डी इल्ल, उप्पु स्वल्प कम्मी.' निकालही लागला आणि काय कमी पडलं तेही कळलं. व्हिडिओ गेमच्या परीक्षणांचं तसं नाही. तिथं निकाल आकड्यात लागतो आणि बहुतेक लोक आकडा पाहूनच पान उलटतात. उत्तम खेळाचं त्यानं काही बिघडत नाही, टाकाऊ खेळाचंही नाही. अडचण होते ती मधल्यांची.

मधल्यांविषयी मला थोडं ममत्व आहे, कारण मी तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं. पेपर तपासणारा कुठलाही मास्तर सांगेल, हुशार मुलाचा पेपर आणि जवळजवळ कोरा पेपर पाच मिनिटांत हातावेगळा होतो. वेळ खातात ते मधले. एका मुलाला रीत येते पण आकडेमोड चुकते, दुसऱ्यानं उत्तरं पाठ केलेली असतात पण रीत ठाऊक नसते. दोघांनाही ५४ गुण पडतात. प्रगतिपुस्तकात दोघं शेजारी बसतात, पण पहिल्याच्या आईशी बोलायचं वेगळं असतं आणि दुसऱ्याच्या आईशी वेगळं.

आमच्या घरी प्लेस्टेशन २ आला तो २००७च्या दिवाळीत, मुलाच्या हट्टानं आणि त्याच्या मामाच्या कृपेनं. त्याबरोबर आलेली डिस्क होती 'क्रिकेट ०७'. ईए स्पोर्ट्स या कंपनीनं २००६च्या नोव्हेंबरात काढलेला हा खेळ प्लेस्टेशन २ आणि संगणक या दोन्हींवर चालायचा. परीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं नाही की पायदळीही तुडवलं नाही. संमिश्र, ठीकठाक असाच सूर होता. फलंदाजीसाठी 'सेंच्युरी स्टिक' नावाची युक्ती नवी होती. कंट्रोलरची छोटी दांडी ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला फटका जायचा. बाकी फार काही पुढं सरकलेलं नव्हतं. परवान्याअभावी भारतीय खेळाडूंची खरी नावंही त्यात नव्हती, अशीतशी बदललेली होती.

परीक्षकाच्या दृष्टीनं खोटी नावं हा दोष, आणि तो खराच होता. आमच्या घरात मात्र त्यावरून वेगळाच खेळ रंगला. कोण कोण आहे ते फलंदाजीच्या क्रमांकावरून ओळखायचं. तिसऱ्या क्रमांकाला येतो तो आमचा द्रविड, असं मुलाची आई जाहीर करायची, आणि तो बाद झाला की कंट्रोलर धरणाऱ्याची धडगत नसे. माझा सचिन मी वेगळा शोधून ठेवला होता. रिची बेनो आणि मार्क निकोलस यांचं इंग्रजी समालोचन मुलगा बंद करून टाकायचा आणि स्वतःच सुरू व्हायचा, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये. चौकार मराठीत जायचा, 'औट' मात्र कन्नडमध्ये व्हायचा.

यात आमच्या घराचं विशेष काही नाही. ईएनं त्यानंतर क्रिकेटचा असा मोठा खेळ काढलाच नाही, पण भारतात 'क्रिकेट ०७' संगणकावर पुढं कित्येक वर्षं खेळला गेला. हौशी मुलांनी त्यात खरी नावं, नवे संघ, नवे गणवेश स्वतः बनवून घातले. कंपनीनं सोडलेली जागा खेळणाऱ्यांनी भरून काढली. खेळ बाजारात येण्याआधी चार-सहा दिवस हातात मिळालेल्या परीक्षकाला हे दिसणं शक्य नव्हतं. तो जे समोर होतं त्यावर बोलला आणि प्रामाणिकपणे बोलला. पण ते बोलणं पुढं उरलं ते एका आकड्यापुरतं.

आता या आकड्यांची मोजपट्टी पाहू. आपल्याकडे एसएसएलसीला वर्षानुवर्षं ३५ला पास आणि ६०ला फर्स्ट क्लास असायचं, हे आपल्या रक्तात भिनलेलं आहे. खेळांच्या परीक्षणांची मोजपट्टी मात्र अमेरिकन शाळेच्या जवळची आहे. तिथं साधारण सत्तरीतले गुण म्हणजे 'सी', आणि साठच्या खाली बहुतेक ठिकाणी नापास. त्यामुळे दहापैकी सात हा 'चांगला' नसून 'बरा' असतो, आणि पाच म्हणजे सरळ 'घेऊ नका'. निरनिराळ्या परीक्षणांचे गुण एकत्र करून सरासरी काढणारं मेटाक्रिटिक २००१मध्ये सुरू झालं. तिथं चित्रपटाला ६१ गुणांपासून हिरवा रंग मिळतो, पण खेळाला तो ७५पासून मिळतो. ५० ते ७४ म्हणजे पिवळा. म्हणजे ६८ गुणांचा चित्रपट हिरवा आणि ६८ गुणांचा खेळ पिवळा.

हा ६८ मी हवेतून काढलेला नाही. क्रिकेटचं समालोचन करणारा तो मुलगा आता बेंगळुरूत खेळ बनवण्याच्याच धंद्यात आहे. तिथले, पुण्याचे, हैदराबादचे बरेच स्टुडिओ परदेशी कंपन्यांच्या खेळांसाठी चित्रकाम करून देतात. त्याच्या गटाकडे एका खेळातला पडका किल्ला होता: भिंती, दगड, शेवाळ, पायऱ्यांवर पडणारं ऊन. दीड वर्ष त्यांनी ते केलं. खेळ बाजारात आला त्या रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, 'अव्वा, अडुसष्ट.'

'फर्स्ट क्लास बंतल्ला!' ती आनंदानं म्हणाली.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग त्यानं तिला ती पिवळ्या-हिरव्याची भानगड समजावून सांगितली. ती म्हणाली, 'अड्डी इल्ल, बिडो. यारिगे चलो अनिस्तु, केळु.' ते राहू दे, कुणाला आवडला ते विचार.

परदेशी कंपनीनं पुढच्या भागाचं काम त्यांच्याकडे दिलं नाही. गटातल्या काहींना दुसऱ्या कामावर घेतलं, काहींना नोकऱ्या शोधाव्या लागल्या. आमचा राहिला. आकडा आणि नोकरी यांचा असा सरळ धागा आहे का, हे बाहेरून सांगणं कठीण. पण त्या धंद्यात असे धागे असतात, याचं एक उघड उदाहरण आहे. २०१०मध्ये आलेला 'फॉलआउट: न्यू व्हेगस' हा खेळ ऑब्सिडियन या कंपनीनं बनवला होता. मेटाक्रिटिकवर ८५ गुण पडले तरच बनवणाऱ्यांना बोनस मिळेल, असा करार होता. खेळाला पडले ८४. ऑब्सिडियनच्या संस्थापकांपैकी एक, ख्रिस अ‍ॅव्हेलोन, यांनी २०१२मध्ये ही गोष्ट जाहीरपणे सांगितली. आज तो खेळ लोक आवडीनं आठवतात, पण त्या एका गुणाचे पैसे गेले ते गेले. आम्हा मास्तरांना चौतिसाचे पस्तीस करण्याची मुभा असे, त्यांना तीही नव्हती.

बरं, ही सरासरी तरी काय सांगते? २०१०मध्येच 'डेडली प्रिमोनिशन' नावाचा एक जपानी खेळ अमेरिकेत आला. एका लहानशा गावातला खून आणि त्याचा तपास करणारा विक्षिप्त अधिकारी, अशी गोष्ट. चित्रं ओबडधोबड, गाडी चालवणं त्रासाचं, मारामारी कंटाळवाणी. आयजीएनच्या परीक्षकानं त्याला दहापैकी २ गुण दिले. डिस्ट्रक्टॉइडच्या परीक्षकानं दहापैकी १०. परीक्षकांत इतकी टोकाची फूट पाडणारा भयखेळ म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. सगळ्यांची सरासरी निघाली साठ-सत्तरच्या मध्ये. कागदावर हा खेळ 'मध्यम', पण त्या दोन्ही टोकांच्या परीक्षकांना विचाराल तर दोघांपैकी कुणालाच तो मध्यम वाटला नव्हता.

म्हणजे 'मध्यम' ही एक जागा नाही, निदान दोन आहेत. एक, जिथं सगळ्यांनाच खेळ 'ठीक' वाटला. दुसरी, जिथं निम्म्यांना तो फार आवडला आणि निम्म्यांना मुळीच आवडला नाही. जपानच्या 'फामित्सू' या १९८६पासूनच्या साप्ताहिकाची पद्धत मला म्हणूनच आवडते. चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि एकूण बेरीज चाळीसपैकी होते, पण चौघांचे आकडे वेगवेगळे छापतात. ६, ७, ६, ७ यांची बेरीज २६. आणि ९, ९, ४, ४ यांचीही २६च. पहिला खेळ सुटीत वेळ घालवायला बरा. दुसरा घ्यायचा असेल तर आपण नऊवाल्यांच्या जातीचे की चारवाल्यांच्या, हे आधी पाहायला हवं.

यावर कुणी म्हणेल, मग आकडेच काढून टाका. तेही करून झालं आहे. ब्रिटनच्या 'युरोगेमर'नं २०१५मध्ये गुण देणं बंद केलं आणि त्याऐवजी 'शिफारस', 'टाळा' अशा थोड्या शिक्क्यांवर भागवलं. २०२३मध्ये त्यांनी पाच ताऱ्यांची पद्धत आणली. लोकांना झटकन कळणारं काहीतरी हवंच असतं, आणि त्यात गैर नाही. एका नव्या डिस्कची किंमत म्हणजे मध्यमवर्गी घराचा चांगला आठवडाभराचा बाजार असतो. आईवडील आकडा पाहणारच.

आणि परीक्षकाची बाजूही लक्षात घ्यायला हवी. प्रत्येक मध्यम खेळात रत्न दडलेलं असतं असं मुळीच नाही. बहुतेक मध्यम खेळ मध्यमच असतात. सिनेमा गाजला म्हणून घाईनं काढलेले, मागच्या वर्षीच्याच खेळाला नवा सदरा घालून आणलेले. त्यांना 'ठीक' म्हणणं हा अन्याय नव्हे, खेळ घेणाऱ्यावर केलेला उपकारच आहे. आपल्या माणसांनी मेहनत केली म्हणून गुण वाढवून द्या, असं मी मुलासाठीही म्हणणार नाही. पेपरावर मुलाचं आडनाव पाहून गुण देणारा मास्तर गावाला पुरता ठाऊक असतो.

माझं मागणं वेगळं आहे. मध्यम खेळाला गुण कमी द्या, पण त्याच्यावर शब्द जास्त खर्च करा. उत्तम खेळावर चार पानं लिहून येतात, अगदी वाईट खेळावर विनोदी दोन पानं येतात, आणि मधल्याच्या वाट्याला अर्धा स्तंभ आणि आकडा. गरज नेमकी उलटी आहे. 'मधला' हा शब्दच सांगतो की इथं काही जमलं आहे आणि काही हुकलं आहे. काय जमलं, काय हुकलं आणि हुकलेलं कुणाला खुपेल, एवढं सांगितलं तर पुरे.

घरात नातवंडांसाठी खेळ निवडताना मी आता परीक्षण असंच वाचतो. आकडा पाहतो, पण तिथं थांबत नाही. एकाच पडद्यावर दोघांना मिळून खेळता येतो का, ते शोधतो, कारण आमच्याकडे कंट्रोलरवरून होणारी भांडणं ही खरी अडचण आहे. अभ्यास आटोपून अर्धा तास खेळून मध्येच थांबवता येतो का, ते पाहतो. ज्या दोषाबद्दल परीक्षक चिडला आहे तो आम्हाला जाणवणार आहे का, हे विचारतो. 'फार सोपा आहे' ही तक्रार आठ वर्षांच्या पोरीसाठी शिफारस असते. 'फार लांबण लावली आहे' ही तक्रार मे महिन्याच्या सुटीत तक्रार राहत नाही. आणि कमीत कमी दोन परीक्षणं वाचतो, एक आवडलेल्याचं, एक न आवडलेल्याचं. दोघांनी एकाच गोष्टीचं वर्णन केलेलं असेल, तर ती गोष्ट खेळात नक्की आहे.

मुलाच्या त्या खेळाचंही त्यानं पुढं असंच केलं. आईनं सांगितलं होतं, म्हणून कुणाला आवडला ते शोधत बसला. लढाईसाठी खेळ घेतलेले बहुतेक सगळे नाराज होते. ज्यांना लढाईपेक्षा नुसतं भटकायला आवडतं, ते त्या पडक्या किल्ल्यात तासन्‌तास रेंगाळत होते. एका परीक्षकानं गुण सहाच दिले होते, पण दुपारी पायऱ्यांवरून सरकणाऱ्या उन्हाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या दोन ओळी मुलानं आपल्या कामाच्या नमुन्यांबरोबर जोडल्या आहेत. नव्या कामासाठी मुलाखतीला जातो तेव्हा तो त्या दाखवतो. ६८ हा आकडा कुणी विचारलाच तर तोही सांगतो.