पहिल्या पडद्यावरचा भैरव

पांढरी एकमध्ये षड्ज धरला, तर युकुलेलेच्या चार मोकळ्या तारा ओळीने प, सा, ग आणि शुद्ध ध बोलतात. आता पहिल्या तिन्ही तारांवर, पहिल्याच पडद्यात, तर्जनी आडवी टेकवा. कोमल धैवत, कोमल ऋषभ, मध्यम. भैरवात ज्यांना खाली यायची ओढ असते तेच हे तीन स्वर, आणि तिघेही आपापल्या विसाव्यापासून अर्ध्या स्वरावर थांबलेले. भैरवाच्या कॉर्ड बांधायला बसलो की मी इथूनच सुरुवात करतो.

चौथी तार मात्र सांभाळावी लागते. ती मोकळी राहिली की शुद्ध धैवत वाजतो आणि भैरव तिथेच मोडतो. म्हणून तिच्यावर दुसऱ्या पडद्याचा निषाद किंवा तिसऱ्याचा तार षड्ज धरलेलाच हवा. पहिल्या पडद्यात तर्जनी आडवी, चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्यात मध्यमा: ध, रे, म, नि एकदम वाजतात. मग तर्जनी उचलायची आणि चौथ्या तारेवरच तिसऱ्या पडद्यात अनामिका ठेवायची. धैवत पंचमावर, ऋषभ षड्जावर, मध्यम गंधारावर उतरतो आणि निषाद वर चढून तार षड्जाला मिळतो. चारही तारांवरचे स्वर एकाच क्षणी घरी पोचतात. गिटारवरून आलेली मुलं परतण्यासाठी सवयीने पंचमाची कॉर्ड धरतात. तिच्यात शुद्ध ऋषभ असतो, म्हणून ती इथे चालत नाही. तो ऋषभ कोमल करून पाहिला तर कॉर्ड कानाला अधांतरी वाटते. मी ती वापरत नाही.

वादी धैवताची कॉर्ड याहून सोपी आहे. षड्जाची कॉर्ड धरलेली असताना पहिल्या तारेवर पहिल्या पडद्यात बोट ठेवलं की झालं: ध, सा, ग, सां. तिसऱ्या तारेवरही पहिला पडदा दाबला की गंधाराचा मध्यम होतो. एकेक बोट ठेवत जायचं, एकेक उचलत यायचं.

पाश्चात्त्य पुस्तकं या सप्तकाला ‘बायझंटाइन’ म्हणतात, ‘डबल हार्मोनिक’ म्हणतात, आणि ते दूरदेशीचं, गूढ मानून त्यावर प्रकरणं लिहितात. 1962 साली डिक डेलने गिटारवर गाजवलेलं ‘मिसिरलू’ याच स्वरांतलं. कर्नाटक संगीतात मात्र लहान मुलाचा पहिला धडाच मायामाळवगौळमध्ये, म्हणजे याच सात स्वरांत होतो. आमच्या चौलच्या माणसाला तर युकुलेलेही फार परकं वाटू नये. इथे रेवदंड्याच्या कोटात पोर्तुगीज 1740 पर्यंत होते. खाडीपलीकडे कोर्लईत त्यांच्या भाषेतून घडलेली बोली अजून बोलली जाते. पोर्तुगालच्याच मदेरा बेटावरचे लोक 1879 मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजाने होनोलुलूला उतरले, आणि त्यांनी सोबत नेलेल्या छोट्या तंतुवाद्यांतून तिथे युकुलेले घडलं.

पण सात स्वर मिळाले म्हणजे भैरव मिळाला, असं मला कधीच म्हणवत नाही. भैरवाचा ऋषभ आणि धैवत आंदोलित असतात. गवई त्यांना पेटीच्या पट्टीपेक्षा खालीही ठेवतो. पडद्यात दाबलेली तार बाजूला ओढली तर फक्त वर चढते. शिवाय कॉर्ड म्हणजे चार स्वर एकदम स्थिर उभे करणं. आंदोलनाला लागणारी मोकळी जागा ती खाऊन टाकते. म्हणून गाणारा ऋषभावर किंवा धैवतावर रेंगाळत असेल तेव्हा मी कॉर्ड देतच नाही. षड्जाची तार एकटी छेडतो आणि थांबतो. साथीला आलेल्याने इतका धीर धरलाच पाहिजे, याबाबत मी कडक आहे.

कालिंगड्यात ही अडचण बरीच कमी होते. स्वर तेच, पण चाल चपळ, कोमल स्वरांवर रेंगाळणं थोडं. या वाद्याची नायलॉनची तार फार काळ गुंजत नाही, तेही तिथे सोयीचं पडतं. अशा चालीच्या भजनाला साथ करायची, तर गाणारे काळी एकमध्ये असल्यास पहिल्या पडद्यावर कॅपो लावावा, बोटांची ठेवण तीच राहते. कडव्यात फक्त षड्जाची आणि धैवताची कॉर्ड ठेवावी. धृपदावर परतताना समेच्या आधीच्या मात्रेला ती आडव्या तर्जनीची कॉर्ड, समेवर षड्जाची. पेटी, पखवाज आणि टाळ चालू असताना एवढं भरपूर होतं.