‘तुमच्यात लोकशाही का टिकत नाही?’

मागे एका प्रशिक्षणाला गेलो होतो. डबा खाताना शेजारच्या तालुक्यातल्या एका शिक्षकमित्राने सहज विचारले, “सर, तुमच्यात लोकशाही का टिकत नाही हो?” त्यांना पाकिस्तान म्हणायचे होते. मी आजवर एकही मतदान चुकवलेले नाही, निवडणुकीच्या ड्युट्या केल्या आहेत. तरी त्या ‘तुमच्यात’ने घास अडकला. हसून विषय बदलला. उत्तर द्यायचे राहून गेले, ते इथे देतो.

मी उर्दू शिकवतो. फैज अहमद फैज आणि हबीब जालिब या दोघांनीही तुरुंग भोगला, हे मुलांना सांगतो. तिथल्या माणसांना लोकशाही नकोच असती, तर कवींना कोंडावे का लागले असते?

आता बाहेरच्यांचा हात पाहू. जुलै 1977 मध्ये जनरल झियांनी सत्ता बळकावली आणि नव्वद दिवसांत निवडणुकीचा शब्द दिला. एप्रिल 1979 मध्ये भुट्टोंना फाशी झाली. त्याच महिन्यात अमेरिकेने मदत थांबवली, पण कारण फाशीचे नव्हते, अणुकार्यक्रमाचे होते. डिसेंबरात रशियन फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि तोच झिया लाडका झाला. 1981 मध्ये 3.2 अब्ज डॉलरची मदत ठरली. नव्वद दिवसांची निवडणूक झाली 1985 मध्ये, तीही पक्षांना बाहेर ठेवून. पुढे मुशर्रफ यांचेही तसेच झाले. 1999 च्या बंडानंतर निर्बंध आले आणि 11 सप्टेंबर 2001 नंतर ते उठले.

म्हणजे बाहेरचे नेहमी हुकूमशहालाच पोसतात का? तसेही नाही. फिलिपिन्समध्ये फेब्रुवारी 1986 मध्ये लाखो लोक मनिलाच्या रस्त्यावर उतरले, लष्कराचा एक गट फुटला, तेव्हा अमेरिकेने मार्कोसचा हात सोडला. तोवर वीस वर्षे तो हात धरलेलाच होता. दार आतून ढकलले गेले, बाहेरच्याने फक्त कडी सोडली.

सगळे खापर परक्यांवर फोडून मला सुटायचेही नाही. 1958, 1977 आणि 2000 या तिन्ही वेळी पाकिस्तानच्याच सर्वोच्च न्यायालयाने लष्करी सत्तेला कायदेशीर ठरवले. ते न्यायाधीश वॉशिंग्टनहून आले नव्हते.

मित्रा, याचा संबंध कलमा वाचण्याशी नाही. मार्कोस आणि त्याला हाकलणारी जनता, दोघेही बहुतांशी ख्रिस्तीच होते. लोकशाही टिकते ती आपल्या न्यायालयांनी, आपल्या मतदारांनी आणि न घाबरता लिहिणाऱ्यांनी. बाहेरचा आपल्या सोयीने येतो, सोयीने जातो.

पुढच्या प्रशिक्षणाला भेटू. डबा एकत्रच खाऊ. फक्त तेव्हा ‘तुमच्यात’ऐवजी ‘तिकडे’ म्हणा. मी इकडचाच आहे.