मनातले मांडे आणि ताटातला पिझ्झा

सह्याद्रीच्या पूर्वेकडील उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेले बेळगाव हे जिभेचे लाड पुरविणारे शहर आहे. येथील कुंदा तर सर्वश्रुतच आहे. परंतु आमच्या मते या शहराचे खरे भूषण म्हणजे मांडे. साखरेचे सारण भरलेला पिठाचा गोळा दोन्ही हातांवर झेलीत झेलीत विस्तारावयाचा आणि पालथ्या घातलेल्या तापल्या भांड्यावर अलगद पसरावयाचा, ही कला वर्षानुवर्षे हात बसल्याखेरीज साधत नाही.

अशा या शहरात नव्यानेच उघडलेल्या एका पिझ्झागृहात जाण्याचा योग आम्हांस नुकताच आला. खानापूर तालुक्यातील आमच्या गावची एक शेतकऱ्याची मुलगी दहावीची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. तिने बापाजवळ एवढा एकच हट्ट धरला होता. भात विकून आलेल्या पैशांतून थोडे बाजूस काढून, आजीसह सारे कुटुंब निघाले आणि आग्रहाने आम्हांसही घेऊन गेले. एस. टी.त मुलांनी मनातल्या मनात किती मांडे खाल्ले, ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होते.

पिझ्झा हे मूळचे इटलीतील नेपल्स शहराच्या गोरगरिबांचे अन्न. पीठ, पाणी, मीठ आणि खमीर एवढीच त्याची पुंजी. वर टोमॅटो, लसूण, ओरेगानो नावाचा सुवासिक पाला आणि ऑलिव्हचे तेल घातले की 'मारिनारा' पिझ्झा झाला. त्यात चीज नसतेच. १८८९ साली राणी मार्गेरिता नेपल्सला आली असता, राफाएले एस्पोझितो या कारागिराने केलेल्या पिझ्झास तिचे नाव मिळाले, अशी कथा तेथे सांगतात. पीठ तासन् तास फुगू द्यावयाचे, लाटणे न लावता हाताने पसरावयाचे आणि लाकडाच्या भट्टीत, सुमारे ४८५ अंश सेल्सिअस उष्णतेत, अवघ्या ६० ते ९० सेकंदांत भाजून काढावयाचे, अशी तेथील रीत आहे. २०१७ साली युनेस्कोने सांस्कृतिक वारशाच्या यादीत जे स्थान दिले, तेही या पदार्थास नव्हे, तर तो घडविणाऱ्या नेपल्सच्या कारागिरांच्या कलेस.

आमच्या पिझ्झागृहात भिंतीवर नेपल्सच्या उपसागराचे मोठे चित्र होते. काचेपलीकडे विटांची भट्टीही होती. परंतु तीत विस्तव नव्हता. पाऊण तासाने ताटे आली. पिझ्झा मधोमध ओलसर, कडेला वातड. टोमॅटोऐवजी साखरेच्या पाकासारखा गोड सॉस. आणि चीज निवताच रबरासारखे ताठ. वाढणाऱ्या मुलाने विचारताच प्रांजळपणे सांगितले की, चकत्या गोठविलेल्या अशाच बाहेरून येतात व आतील विजेच्या यंत्रात तापविल्या जातात.

आजीचे माहेर गोव्याचे. माडाची सूर घालून पीठ फुगविणारे पोदेर तिने लहानपणी पाहिलेले. तिने एक घास चावला आणि हळूच म्हणाली, "फादर, ह्या पिठाला झोपूच दिलं नाही हो कोणी!" साऱ्या दोषाचे निदान तिने एका वाक्यात केले. पिठास विसावा मिळाला नाही, भट्टीस आग मिळाली नाही, आणि कारागिराचा हात तर त्यास लागलाच नाही.

मुलगी मात्र अखेरचा तुकडाही संपवून "छान आहे, बाबा" म्हणाली. बाप नोटा मोजीत होता. दोन दिवसांच्या मजुरीहून अधिक रक्कम त्याने निमूटपणे ठेविली. त्या मुलीचे ते गोड असत्य आम्हांस पिझ्झाहून फार मोलाचे वाटले. परंतु तिला ते बोलावे लागले, याचा विषादही वाटला.

आमच्या वाचकांनी शहरात जाऊन नवे पदार्थ चाखू नयेत, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परगावचे अन्न चाखण्यात परगावच्या माणसांची ओळख होते. मात्र बसण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : पीठ येथेच मळता काय, आणि भट्टी पेटलेली आहे काय? घामाचा पैसा मोजणाऱ्यास हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. उत्तर नकारार्थी आले, तर मांडे करणाऱ्याचे दुकान फार दूर नसते. तेथे निदान विस्तव तरी खरा असतो.