मल्कीया नावाचे तिघे

एकाच नावाची अनेक माणसे एका ग्रंथात आली असता त्यांना एकमेकांपासून वेगळे करून प्रत्येकाची स्वतंत्र नोंद ठेवणे, हे नामसूची करणाऱ्याच्या कामातील सर्वांत अवघड अंग होय. ग्रंथाच्या शेवटी बारीक टाइपात छापली जाणारी सूची पाहून हे काम केवळ अक्षरे लावण्याचे असावे असा समज होतो. प्रत्यक्षात दर नोंदीपाशी थांबून निवाडा करावा लागतो. राजे, पेशवे आणि प्रेषित यांच्या बाबतीत तो निवाडा सोपा असतो, कारण त्यांच्याभोवती घटनांची दाटी असते. सूचीकाराची खरी कसोटी लागते ती सबंध ग्रंथात एकदाच, एखाद्या ओळीपुरत्या येणाऱ्या माणसापाशी. त्याची नोंद चुकून दुसऱ्याच्या नावावर गेली, तर ती चूक दुरुस्त करायला दुसरा आधार बहुधा उरत नाही.

नावे का सारखी होतात, हे समजण्यासाठी बारामती तालुक्याइतके सोयीचे उदाहरण शोधून सापडणार नाही. अष्टविनायकांतील पहिले स्थान मानले जाणारे मोरगाव याच तालुक्यात आहे, आणि तेथील मयूरेश्वरावरून मोरेश्वर, मोरो, मोरोपंत ही नावे महाराष्ट्रभर घरोघरी ठेवली गेली. शिवाजी महाराजांचे पेशवे मोरो त्रिंबक पिंगळे, झाशीच्या लक्ष्मीबाईंचे वडील मोरोपंत तांबे, व्याकरणकार मोरो केशव दामले आणि बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहून आर्याभारत रचणारे मोरेश्वर रामचंद्र पराडकर (१७२९–१७९४), हे चौघेही एकाच देवाच्या नावाचे धनी आहेत. नुसते ‘मोरोपंत’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात पराडकरच उभे राहतात, आणि सूचीकाराने सावध व्हावे ते नेमके अशा वेळी, कारण प्रसिद्ध नाव आजूबाजूच्या सर्व नोंदी स्वतःकडे ओढून घेते.

इंदापूरचे उदाहरण याहून नाजूक आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले असे परंपरा सांगते, आणि त्यांची गढी त्या गावात दाखवली जाते. त्याच नावाचे पुढे मुधोळचे मालोजीराव घोरपडे आणि फलटणचे मालोजीराव नाईक निंबाळकर झाले. सेनापती संताजी घोरपडे यांच्या घरात तर वडिलांचे नाव म्हाळोजी आणि भावाचे मालोजी होते. नकलणाऱ्याच्या हातून ‘म्हा’चा ‘मा’ आणि ‘ळ’चा ‘ल’ झाला, तर बापाचा पराक्रम मुलाच्या खाती जमा व्हायला वेळ लागत नाही.

हिब्रू शास्त्रात, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात त्या ग्रंथसंग्रहात, ही अडचण शेकडो पटींनी वाढते, आणि तिचे कारण मोरगावसारखेच आहे. तेथील बहुतेक पुरुषनावे देवाच्या नावावरून घडलेली आहेत. शेवटचा ‘या’ हा इस्राएलाच्या देवनामाचा संक्षेप असून हनन्या म्हणजे ‘त्या देवाने कृपा केली’, तर मल्कीया म्हणजे ‘तो देव माझा राजा’. आजोबाचे नाव नातवाला देण्याची रीतही तेथे दिसते. त्यातील ‘पहिला इतिहास’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातील याजकांच्या वंशावळीत, म्हणजे मंदिरातील पुरोहितांच्या पिढ्यांच्या यादीत, अजऱ्या हे नाव थोड्याथोड्या अंतराने तीनदा येते आणि अमऱ्या, अहीटूब, सादोक ही तिघांची ओळ त्याच क्रमाने पुन्हा एकदा येते. ही पुनरावृत्ती लेखनिकाची चूक समजून गाळावी असा मोह होतो. परंतु शहाजी, शिवाजी, संभाजी आणि मूळ नाव शिवाजी असलेले शाहू ही भोसल्यांची ओळ ज्याला पाठ आहे, त्याने तरी या मोहाला बळी पडू नये.

या सर्व पसाऱ्यातील सर्वांत सुंदर पान नहेम्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. इ.स.पू. ४४५च्या सुमारास यरुशलेमेचा पडलेला कोट नहेम्याच्या देखरेखीखाली पुन्हा बांधला गेला आणि तो ५२ दिवसांत पुरा झाला. या अध्यायात कोणी कोणता भाग बांधला याची यादी आहे. त्या एकाच यादीत मल्कीया नावाचे तिघे आहेत. पहिला हारीमाचा पुत्र. त्याने एका जोडीदारासह कोटाचा एक भाग आणि भट्ट्यांचा बुरूज दुरुस्त केला. दुसरा रेखाबाचा पुत्र, बेथ-हक्करेम प्रांताचा अधिकारी. त्याने उकिरडा वेशीचे काम घेतले, दारे लावली, अडसर बसवले. बेथ-हक्करेम म्हणजे द्राक्षमळ्याचे ठिकाण, आणि हे नाव इंदापूर-बारामतीकडच्या बागाईतदाराला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तिसऱ्याच्या बापाचे नाव दिलेले नाही, गावही नाही. तो सोनार होता एवढेच सांगितले आहे.

या तिसऱ्यापाशी भाषांतरकाराचा हात थांबतो. मुळात ‘बेन’ असा शब्द आहे, आणि त्याचा सरळ अर्थ पुत्र; त्यामुळे ‘सोनाराचा पुत्र मल्कीया’ असे लिहिता येते. मात्र हिब्रूत हाच शब्द एखाद्या धंद्याच्या जमातीतील माणसासाठीही वापरला जातो. याच अध्यायात हनन्या नावाच्या एका गंध्याला, म्हणजे सुगंधी द्रव्ये करणाऱ्याला, त्याच रीतीने ओळखले आहे. म्हणून ‘सोनारांपैकी एक’ हे भाषांतर अधिक योग्य ठरते. मराठी मुलखातील जुन्या कागदांत बापाच्या नावाआधी येणारा ‘बिन’ हा अरबी शब्द याच ‘बेन’चा सख्खा भाऊ आहे. कोणी बापाच्या नावाने ओळखला जातो, कोणी वतनाने, कोणी हातातल्या कसबाने, ही गोष्ट गावगाड्यात वाढलेल्या वाचकाला परकी वाटत नाही. नहेम्याच्या यादीने तिघा मल्कीयांना वेगळे करण्यासाठी हीच साधने वापरली आहेत.

एकाचे दोन करणे हीही दोघांना एक करण्याइतकीच मोठी चूक आहे. याच यादीत मशुल्लाम हे नाव तीन ठिकाणी येते. त्यांपैकी दोन ठिकाणी तो बरेख्याचा पुत्र आहे आणि एका ठिकाणी बसोदयाचा. दोन ठिकाणचा बरेख्याचा पुत्र एकच असून त्याने दोन भाग बांधले, दुसरा आपल्या खोलीसमोरचा; तेव्हा मशुल्लामाच्या नोंदी तीन होत नाहीत, दोन होतात. या पहिल्या मशुल्लामाची मुलगी नहेम्याचा विरोधक तोबीया याच्या मुलाला दिली होती, असे पुढे सहाव्या अध्यायात कळते. बापाचे नाव गाळले असते, तर कोट बांधणारा आणि कोटाच्या वैऱ्याचा व्याही हा एकच माणूस होता, हे कधीच उमगले नसते.

शास्त्राचे लेखकही या घोटाळ्यातून सुटलेले नाहीत. मंदिराच्या अंगणात दगडमार होऊन मेलेला जखऱ्या हा ‘दुसरा इतिहास’ या ग्रंथात यहोयादा याजकाचा पुत्र आहे. नव्या करारातील मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र मंदिर आणि वेदी यांच्यामध्ये मारल्या गेलेल्या जखऱ्याला बरेख्याचा पुत्र म्हटले आहे, आणि ते पितृनाम जखऱ्या संदेष्ट्याचे आहे. संदेष्ट्याच्या प्रसिद्धीने त्या बिचाऱ्या याजकपुत्राच्या बापाचे नावही घेतले, असा याचा सरळ उलगडा दिसतो.

बारामतीच्या शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावच्या मुक्ती सदनात, पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलाचे मराठी भाषांतर केले आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी ते पुरे केले. त्यांना सामान्य बाईला कळेल अशी मराठी हवी होती आणि छापखान्याचे काम सदनातील स्त्रिया करीत. त्या स्त्रियांच्या हातांखालून हे सर्व मल्कीया, मशुल्लाम आणि जखऱ्या गेले, ही गोष्ट या प्रदेशाच्या इतिहासात मोलाची मानली पाहिजे. खिळे जुळवताना ‘हारीमाचा’ आणि ‘रेखाबाचा’ हे शब्द जागच्या जागी बसवणारी व्यक्तीही या दोघांचे वेगळेपण राखत असते.

कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजाने हीच नावे मराठी वळणावर नेली. १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनालय, बांधणारे सॅम्युएल एझेकिएल हे घरी समाजी हसाजी दिवेकर होते. नाव शास्त्रातले, ‘जी’ मराठी आणि ‘कर’ दिवे गावाचा. गावावरून ओळख देण्याची ही रीत किती टिकाऊ आहे, हे इंदापूर तालुक्यातील पळसदेवाने दाखवले आहे. जुने गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेले, तरी तेथल्या माणसाची पळसदेवचा म्हणून असलेली ओळख बुडाली नाही.

पुण्याच्या सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्राचीन चरित्रकोशात सारख्या नावांपुढे आकडे घालून प्रत्येकाला स्वतंत्र जागा दिली. या पद्धतीहून चांगली पद्धत अद्याप कोणी काढलेली नाही. मात्र आकडा घालण्याची घाई होऊ नये. एज्राच्या ग्रंथात हारीमाच्या वंशजांत एक मल्कीया आहे, तो कोट बांधणाराच असावा. तरी हारीम हे तेथे कुळाचे नाव आहे, आणि म्हणून ‘बहुधा तोच’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरते.

बारामती-इंदापूरच्या ज्या घरांत मोडी कागद अजून पेटीत आहेत, त्यांनी ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत, आणि वंशावळ उतरवताना नावापुढची ओळ, कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, कोणत्या धंद्याचा, ही जशी आहे तशी उतरवावी. तिच्यात चूक वाटली तर समासात लिहावे. मूळ ओळ बदलू नये.